माळ्यावरची यंत्रं: ती चालवायची कशी, हे कुणाला आठवतंय?

वाईकर_नातू
मंडळी, वाईच्या आमच्या जुन्या घराचं छप्पर यंदा पावसाळ्याआधी उतरवायचं आहे. माळा रिकामा करायला घेतला आणि खाली आलं ते असं: तांब्याचा बंब, पितळी स्टोव्ह, प्रभाकर कंदील, लाकडी खोक्याचा व्हॉल्व्ह रेडिओ, डायलचा काळा फोन, टेपरेकॉर्डर आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेल्या कॅसेटी.

भंगारवाल्याचा डोळा बंबावर आहे, तांब्याला भाव आहे म्हणून. बाकीचं तो किलोवर न्यायला तयार आहे. घरात दोन पक्ष पडलेत. काकांचं म्हणणं, वापरात नाही ते घरात नाही. आत्या एक वाटीसुद्धा जाऊ द्यायला तयार नाही. मला मात्र तिसरीच गोष्ट टोचतेय. माझ्या मुलीनं स्टोव्ह बघून विचारलं, "हा पेटवतात कसा?" आणि आत्या सोडून घरात कुणालाच ते धड सांगता आलं नाही. वस्तू काचेच्या कपाटात कितीही वर्षं टिकेल. ती वापरायची रीत मात्र वापरणाऱ्या माणसाबरोबर जाते, आणि ती माणसं आता थोडी उरलीत.

म्हणून या धाग्यावर नुसतं "आमच्याकडेही होता" नको. तुम्ही स्वतः जे चालवलंत ते कसं चालवायचात, बिघडलं की काय करायचात, तेवढं सविस्तर लिहा. आणि माझ्या अडचणीचंही बघा: यातलं काय चालू करून ठेवावं, काय नुसतं ठेवावं, काय जाऊ द्यावं?

खारूताई
वाचतेय! वाचनखूण साठवली.

सुलभा_मिरज
स्टोव्हचं मी सांगते, कारण लग्नानंतर कित्येक वर्षं माझा सगळा स्वयंपाक त्याच्यावरच झाला.

टाकी पाऊणच भरायची. वर हवेला जागा लागते, काठोकाठ भरली तर पंपाचा उपयोग होत नाही. हवेची चावी सैल ठेवायची. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं. स्पिरिट नसेल तर तारेला चिंधी गुंडाळून केलेला काकडा रॉकेलात बुडवून बर्नरला लावायचा. ते विझत आलं की चावी घट्ट करायची आणि पंप मारायचा. बर्नर पुरेसा तापला असेल तर वर चढणाऱ्या रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत घरघरायला लागते. तापला नसेल तर रॉकेल पातळच वर येतं आणि पिवळा भडका. मग लगेच चावी सोडायची, हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

ज्योत एका बाजूला गेली किंवा खाली बसली की पिन मारायची. पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसाएवढी बारीक तार असायची. ती निपलच्या भोकात सरळच घालावी लागे. तिरकी गेली की आत मोडली, आणि मग निपल पान्यानं खोलणं आलं. पंप दाबताना हाताला काहीच लागत नसेल तर वायसर सुकलाय असं समजायचं. तो चामड्याचा. काढून गोड्या तेलात भिजवायचा, कडा बोटांनी बाहेर फुलवायच्या आणि परत बसवायचा. आमच्या गल्लीत स्टोव्ह रिपेरवाला यायचा, पण वायसरसाठी त्याला कुणीच थांबवत नसे. ते प्रत्येकीला येत होतं.

रेवती_ठाणे
सुलभाताई, फार नीट लिहिलंत. पण याच वस्तूबद्दल मला दुसरं काही सांगायचंय.

मी शाळेत असताना पेपरात "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" ही बातमी इतक्या वेळा यायची की लोक ती ओलांडून पुढे जायचे. त्यातले काही खरोखर अपघात होते. काही नव्हते, आणि ते शेजारपाजारच्यांनाही कळत होतं. सासरच्या छळाविरुद्धचं 498 अ हे कलम 1983 साली आणि हुंडाबळीचं 304 ब हे 1986 साली आलं, त्याच्या मागे अशा किती बायका आहेत. कुणी पितळी स्टोव्ह घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवला की मला तेच आठवतं. ठेवायचा असेल तर ठेवा, पण मुलीला पेटवायची रीत सांगाल तेव्हा हेही सांगा.

सुलभा_मिरज
रेवती, एक शब्दही जास्त बोलली नाहीस. पंप मारताना पदर खोचायचा, सुती साडीच नेसायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. पण जिच्या जिवावर घरातलेच उठले तिला पदर खोचून काय फायदा? नातवाने मुलीला दोन्ही सांगावं.

चिन्मय_पुणे
यासाठीच वातीचा स्टोव्ह आला तेव्हा घराघरात हायसं वाटलं असणार. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रातून सत्तरच्या दशकात निघालेला 'नूतन'. पंप नाही, टाकीत दाब नाही, घरघर नाही. वाती वर-खाली केल्या की आच कमी-जास्त. भांड्याच्या बुडाला काजळी धरायची एवढीच तक्रार.

कराडचा_पोरगा
प्रभाकर कंदील म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्य नाही, माझं बालपण ओगलेवाडीचं. औंध संस्थानच्या हद्दीत 1916 साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि पुढे त्यातूनच हा कंदील देशभर गेला. परदेशी कंदिलाला टक्कर देणारी स्वदेशी वस्तू म्हणून लोक तो अभिमानानं घ्यायचे. कराडचं रेल्वे स्टेशन आमच्या गावाला लागूनच आहे.

आता रीत. कंदिलाच्या दोन बाजूंना ज्या वाकवलेल्या नळ्या दिसतात त्या धरायच्या दांड्या नव्हेत. ज्योतीला लागणारी हवा त्यातून खाली येते, म्हणूनच कंदील वाऱ्यात विझत नाही. माळ्यावर पडून त्यात कोळ्यांनी घरं केली असतील, तर पहिल्यांदा त्या साफ करा, नाहीतर ज्योत नुसती धुरकटत राहील. वात कात्रीनं सरळ कापा आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करा. कोपरे टोकदार राहिले की तिथून शेंड्या निघतात आणि काच एका बाजूनं काळी होते. काच पुसायला कोरडी राख आणि वर्तमानपत्राचा कागद. गरम काचेला ओलं फडकं लावलं तर ती तडकलीच.

सदानंद_काका
2005 नंतरच्या भारनियमनात आमच्या गावात हे सगळं पुन्हा खाली उतरलं होतं. ज्यांनी कंदील भंगारात घातले होते ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायचे. आमच्या आईनं पत्रिका न छापता गाव जमवलं, असं वडील म्हणायचे :)

कंदिलावरून गॅसबत्तीही आठवली. वरातीत डोक्यावर असायची ती. तिचं तत्त्व सुलभाताईंच्या स्टोव्हचंच, फक्त ज्योतीच्या जागी जाळीची पिशवी, म्हणजे मँटल. नवी मँटल बांधून एकदा जाळली की कापड जळून जातं आणि थोरियमच्या ऑक्साइडची राखेची जाळी तेवढी उरते, तीच तापून पांढरी झळकते. म्हणून एकदा पेटवलेल्या मँटलला बोट लावायचं नाही. धक्का लागला की चुरा. बत्तीवाला चालताना पाय कसे टाकायचा ते बघण्यासारखं असे.

माणगावकर
बंब आमच्याकडे अजून चालू आहे, त्यामुळे भूतकाळात लिहिणार नाही.

मधून आरपार नळा जातो, त्यात खाली जाळी. जाळीवर करवंट्या, सोडणं, झावळीचे तुकडे, जे हाताशी असेल ते. नळ्याभोवती पाणी. आच चहूबाजूंनी लागते म्हणून एवढ्याशा जळणात एवढं पाणी तापतं. आमच्या बंबाची तोटी वरच्या बाजूला आहे. नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून आपोआप बाहेर पडतं. म्हणजे जेवढं ओताल तेवढंच मिळेल. ही युक्ती ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार. पुढच्याचं पाणी आपणच भरून ठेवलेलं असतं, घरात भांडण नाही.

एक नियम कधीही मोडायचा नाही: आधी पाणी, मग विस्तव. रिकामा बंब पेटवला तर जोड उसवतात आणि तो गळका होतो. वाईकर, तुमचा बंब पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी खाली ओल आहे का बघा. कोरडा राहिला तर भंगारवाल्याला दारातून परत पाठवा.

गुळपोळी
आणि सकाळी पाचला उठून तो पेटवायचा कुणी? आमच्याकडे ते आईकडेच असायचं. डोळे चोळत, फुंकणीनं फुंकत. गीझर आला तेव्हा तिनं त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं.

तांबट_गल्ली
गळका निघाला तरी दुरुस्त होतो. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत तांब्याचं काम करणारे कारागीर अजून आहेत, ठोक्यांचा आवाज रस्त्यावर येतो. तिथं दाखवा. काम करून घ्यायचं ठरलं तर बाहेरून चिंच-मिठानं घासू नका, आधी जोड तपासू द्या.

एक्सचेंजवाली
मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, तेव्हा फोनची दुसरी बाजू सांगते.

आमच्यासमोर उभा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्यांना लावलेले प्लग. तुम्ही फोन उचललात की आमच्याकडे दिवा लागायचा. ट्रंक, म्हणजे परगावचा फोन, बुक करताना विचारायचो: ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग? ऑर्डिनरीला कधी संध्याकाळ व्हायची. लाइटनिंग सगळ्यांच्या पुढे लागायचा आणि दर इतका चढा की लोक तो मरणाच्या बातमीलाच करायचे. त्यामुळे लाइटनिंग आला की जोडतानाच आमचा हात जड व्हायचा. पी.पी. म्हणजे अमक्याच माणसाला बोलवा, तो नसेल तर बोलण्याचे पैसे लागत नसत. दर तीन मिनिटांनी आम्ही मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" आणि पलीकडच्या बाईचं रडणं तसंच राहायचं. या वाक्याचा मला फार त्रास व्हायचा, पण नियमच तो.

देशात ऑपरेटरशिवाय परगावी थेट डायल करायची सोय, म्हणजे एसटीडी, 1960 साली कानपूर-लखनौ दरम्यान पहिल्यांदा झाली. आमच्या छोट्या गावांपर्यंत यायला तिला पुष्कळ वर्षं लागली. नंतर रस्तोरस्ती पिवळे एसटीडी बूथ आले, आणि रात्री अकरानंतर पाव दर म्हणून तिथं लागलेल्या रांगा तुम्हा बऱ्याच जणांना आठवत असतील.

खारूताई
एक्सचेंजवाली ताई, हे कुठंतरी सविस्तर लिहाच. वेगळा धागा काढा, प्लीज.

पिंट्या_लालबाग
डायलला लावायचं ते बारकं कुलूप कुणालाच आठवलं नाही? आमच्या चाळीतल्या एकमेव फोनला होतं, चावी मालकांच्या जानव्याला. आम्ही पोरं कुलूप न उघडता फोन लावायचो. डायल सोडल्यावर परत येताना टकटक करतो ना, ती प्रत्येक टक म्हणजे लाइन क्षणभर तुटणं. 4 ला चारदा, 0 ला दहादा. रिसीव्हर ठेवायची खुंटी दाबली तरी लाइन तशीच तुटते. मग 7 हवा तर खुंटी सातदा भराभर दाबायची, थोडं थांबायचं, पुढचा आकडा. लयीत हात चालला पाहिजे. आमच्यातला ढोलवादक पोरगा यात सगळ्यात तरबेज होता आणि सगळ्यांची मॅच स्कोअरची चौकशी तोच करून द्यायचा.

वाईकर, तुमचा काळा फोन तांब्याच्या तारेवर अजून चालेल. फायबरच्या डब्याला मात्र बहुतेक वेळा ही टकटक कळत नाही. पल्सचं टोन करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये लावावा लागेल.

निनाद
मला प्रामाणिकपणे वाटतं की यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. रेडिओ, फोन, टेप, घड्याळ, कॅमेरा सगळं खिशातल्या एका यंत्रात आलंय आणि जास्त चांगलं आलंय. एकेक फोटो काढून ठेवा आणि भंगारवाल्याला बोलवा. घरं लहान आहेत आता लोकांची.

व्हॉल्व्हवाला
निनाद, जागेचा मुद्दा खराच आहे. पण खिशातलं यंत्र बिघडलं तर तुम्ही उघडू शकता का? माझ्या वडिलांचा रेडिओ मी नववीत असताना उघडला आणि आज माझं पोट त्यावर भरतंय. आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसायचं. चालू केला की आधी व्हॉल्व्हच्या तारा लाल होणार, मग भुंग्यासारखी गुणगुण, मग आवाज. पुढचा हिरवा दिव्याचा डोळा मिटत आला की स्टेशन बरोबर लागलं. खोलीभर भिंतीच्या कडेनं तांब्याच्या जाळीची पट्टी लावलेली असायची, ती एरियल. शिवाय परवाना काढायला लागायचा, पोस्टात दरवर्षी पैसे भरून.

वाईकर, आता कळकळीनं सांगतो: तो रेडिओ थेट प्लगमध्ये घालू नका. इतकी वर्षं पडून राहिलेले कपॅसिटर आत शॉर्ट झालेले असतात. ट्रान्सफॉर्मर जळतो, क्वचित आगही लागते. काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांच्या लोखंडी पाटीवर थेट मेनचा करंट येऊ शकतो, हात लागला तर संपलं. मागचं झाकण काढा, धूळ नुसत्या ब्रशनं झाडा आणि जाणकाराकडे न्या. तो पहिल्यांदा साठ वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून बघेल. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर आशा आहे. डायलची दोरी तुटली असेल तर ती कशी गुंफली होती त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

मीडियम वेव्हवर पुणे केंद्र 792 वर शोधा. रात्रीच्या वेळी इतर गावंही मिळतील. संध्याकाळनंतर त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात, म्हणून लांबचं ऐकू येतं.

टोरांटोकर
वडिलांचा विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर मी इकडे आणला. इथं व्होल्टेज निम्मं आहे, त्याची सोय ट्रान्सफॉर्मरनं झाली. पण तबकडी लावली तर बालगंधर्व भलत्याच वरच्या पट्टीत! इथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची, आणि मोटर त्या तालावर फिरते. म्हणजे सगळं वीस टक्के जलद. काळी एकमधलं गाणं पांढरी तीनच्याही थोडं वर जातं. एका म्हाताऱ्या खरादीवाल्यानं मोटरच्या दांड्यावरची पुली सहाव्या हिश्शानं बारीक करून दिली आणि पट्टी जागेवर आली.

जाता जाता: 78 च्या तबकड्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात अख्खं पद बसवणाऱ्या त्या लोकांची तयारी काय असेल!

वाईकर_नातू
सगळ्यांचे आभार. रात्रभर पाणी भरून ठेवला, बंब कोरडा आहे. काकासुद्धा काही बोलले नाहीत. कंदिलाच्या नळीतून खरोखर मातीचं घरटं निघालं, कुंभारीण माशीचं. रेडिओ प्लगपासून लांब ठेवलाय.

आता एक नवी गोष्ट. कॅसेटींवरची नावं आत्याला वाचायला लावली. त्यातल्या काहींवर "आईच्या ओव्या" लिहिलंय. माझी पणजी जात्यावर बसून गायची, ते आजोबांनी टेप केलेलं आहे. हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. कॅसेटला पांढरट बुरशी दिसतेय. लावून बघू का?

ध्वनीवेडा
नाही!! अजिबात लावू नका. बुरशीची टेप चालवली तर ती हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पसरते. शिवाय टेपरेकॉर्डरचा रबरी रोलर इतक्या वर्षांत चिकट झालेला असणार, तो टेप ओढून गुंडाळून घेईल.

असं करा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या कागदी पाकिटात, उन्हात नाही, फ्रीजमध्ये नाही, लोखंडी कपाटातल्या कोरड्या कप्प्यात. स्पीकर किंवा मोटरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या जिभा असतात. त्या शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. पूर्वी आपण त्याच भोकावर चिकटपट्टी लावून जुन्या कॅसेटवर नवीन भरायचो, त्याच्या नेमकं उलट. मग पेन्सिल भोकात घालून हातानं हळू थोडी फिरवा. फिरत असेल तर टेप चिकटलेली नाही. अडली तर जोर लावू नका.

पुढचं काम असं: कवच स्क्रूचं असेल तर उघडून टेपची रिळं बाहेर काढतो, बुरशी कोरडीच पुसतो आणि नव्या कवचात घालतो. तुटली असेल तर खास पट्टीनं जोडतो, साधी चिकटपट्टी वापरायची नाही, तिचा गोंद पाझरतो. हेड अल्कोहोलनं पुसायचं. ज्या मशीनवर भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल तर आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा बारका स्क्रू कानानं ऐकत फिरवला की एकदम उघडतो. मग लाइन-इनमधून संगणकात, थेट एमपीथ्री नाही, आधी वेव्ह फाइल. आवाज साफ करायचा तो प्रतीवर, मूळ तसंच ठेवायचं.

जनाबाईची_नात
वाईकर, या ओव्यांचं मोल फार मोठं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या पुष्कळ आता पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. पिठाची गिरणी आली, बायकांचे खांदे सुटले, ते चांगलंच झालं. पण पहाटे दोघी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या आणि जे कुणाला सांगता येत नाही ते जात्याला सांगायच्या, ती जागाही गेली.

टेपमध्ये नीट ऐका. ओवी मध्येच थांबेल आणि घरघर हलकी होईल. तेव्हा पणजी मुठीनं वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालत असेल. जात्याला नुकतं टाकवलेलं, म्हणजे छिन्नीनं टाके घालून खरबरीत केलेलं, असेल तर आवाज खरखरीत येतो, जात्याचा दगड गुळगुळीत झाला की बसका.

निनाद
ओव्यांचं वाचलं. कॅसेटी भंगारात देऊ नका. बाकी माझं मत तेच.

वाईकर_नातू
ध्वनीवेडा, तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. जिभा मोडल्या. एक सोडून सगळ्या पेन्सिलीवर फिरतात. पोस्टानं पाठवायचं धाडस होत नाही.

ध्वनीवेडा
पाठवूच नका. मी पुण्यात असतो, येत्या रविवारी डेक आणि हत्यारं घेऊन वाईला येतो. पैशाचं बोलायचं नाही. अडलेली कॅसेट तशीच राहू द्या, ती मी शेवटी घेईन. एक मात्र करा: आत्यांना पूर्ण वेळ शेजारी बसायला सांगा. मागे कोण बोलतंय, कुणाचं नाव घेऊन ओवी म्हटलीय, हे त्यांच्याशिवाय कुणाला कळणार नाही. तेही मी दुसऱ्या माइकवर भरून घेईन.

वाईकर_नातू
आत्या विचारतेय, तुम्हाला पुरणपोळी चालते ना? आणि जातं अजून परसात आहे, तेही ओढून आत घेतलंय.